लंब रेषेचा चढ आणि रोबोटची कोलांटी

रोबोटने कोलांटी मारली तेव्हा मशीन तपासायला आलेले खानोलकर साहेब त्याच्याभोवतीच्या जाळीला नाक लावून उभे होते. त्या फेरीत तोपर्यंत सगळं छान चाललं होतं. रोबोटच्या हातातलं नोझल, म्हणजे सीलंटची तोटी, पत्र्याच्या पॅनेलवरून सरकत होतं, मागे काळ्या, चिकट सीलंटची पट्टी पडत होती, आमचे मालक अण्णा माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. पॅनेलच्या माथ्यावर पोचल्यावर रोबोटने मनगट गर्रकन फिरवलं, नोझलचं तोंड छताकडे केलं आणि तसाच सीलंट सोडत राहिला. रोबोट चालवणाऱ्या गणेशने लाल बटण दाबलं. तोवर सीलंटची एक लांब तार जाळीतून बाहेर येऊन साहेबांच्या हेल्मेटवर विसावली होती. तिचं दुसरं टोक सावकाश त्यांच्या खांद्यावर उतरत होतं.

बाहेरून बैलगाडा शर्यतीच्या माइकवरची "भिर्रर्र" अशी आरोळी ऐकू आली.

"हे प्रोग्रॅममध्ये आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"मग हे याला कोणी शिकवलं?"

मला हसू यायला लागलं होतं. नोकरी जायची वेळ आली की मला हसू येतं. हा माझा जुना आजार आहे.

थोडं मागे जाऊन सांगते. चाकणच्या एमआयडीसीला लागून एक गाव आहे, तिथे अण्णांची कंपनी. अण्णा मूळचे त्याच गावचे, शेतकरी. कारखाने आले तेव्हा त्यांनी कारखान्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली. पार्ट ठेवायच्या ट्रॉल्या, ढकलायच्या ट्रॉल्या, रॅम्प, रॅक. पुढे त्यांच्या मनाने घेतलं की आपणही कारखान्यांसाठी रोबोटची लाइन, म्हणजे रोबोट बसवलेलं मशीन, बनवायचं. त्यासाठी त्यांनी मला बोलावलं. मी एका मोठ्या कंपनीत एसीमध्ये बसून दुसऱ्यांच्या रोबोटांची कागदपत्रं तपासत होते. ते सोडून मी या पत्र्याच्या शेडमध्ये आले, तेव्हा पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं बोललं गेलं. पण इथे रोबोट माझा होता. सकाळी स्कूटीवरून शेडवर पोचायची मला घाई असायची, आधीच्या ऑफिसला जाताना कधी नसायची.

आमच्या रोबोट विभागात दोनच माणसं. मी प्रोग्रॅम लिहायचा आणि गणेशने रोबोट चालवायचा. गणेश जालन्याचा, हाताने भारी, तोंडाने त्याहून भारी.

त्या दिवशी आमच्या पहिल्या लाइनचं बाय-ऑफ होतं. बाय-ऑफ म्हणजे मशीन पाहण्याचा कार्यक्रम. कस्टमरचा माणूस आपल्या शेडवर येतो, मशीन चालवून बघतो, पसंत पडलं तर सही करतो. सही झाली की मशीन सासरी जातं. नाही झाली की आपल्याच गळ्यात. खानोलकर साहेब कस्टमरकडचे क्वालिटी मॅनेजर. त्यांनी नापसंत केलेल्या मशीनच्या कहाण्या पार देहूरोडपर्यंत पोचल्या होत्या.

आदल्या दिवशी अण्णांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. "मॅडम, उद्या पास झालं तर झालं. न्हाईतर ह्यो रोबोट इकून टाकू. आपल्या ट्रॉल्या काय वाईट हायत व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. ट्रॉल्यांना प्रोग्रॅम लागत नाही, त्यामुळे मीही लागत नाही.

त्यात नेमकी त्याच दिवशी गावची यात्रा. आमच्या भागात यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. चढाची मातीची धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. एकेक गाडा पळवतात, त्या पाळीला बारी म्हणतात, आणि बैल सुटले की माइकवरून "भिर्रर्र" होतं. घाट आमच्या शेडच्या मागेच होता. अण्णांच्या बैलांची बारी दुपारी होती. सगळं गाव घाटात होतं, आणि अण्णा फेटा बांधून शेडमध्ये, आमच्यासोबत.

आता रोबोटचं काम काय ते सांगते. गाडीच्या बॉनेटला आतून एक पत्रा असतो, त्यालाच पॅनेल म्हणतात. त्यावर सीलंटची अखंड पट्टी मारायची. या पट्टीला बीड म्हणतात. टूथपेस्ट ब्रशवर घेताना ट्यूब तिरकी धरली तर पेस्ट एका बाजूला ओघळते, तसंच हे. म्हणून नोझल पत्र्याशी कायम काटकोनात पाहिजे. पत्रा सपाट असता तर प्रश्नच नव्हता. पण तो एका बाजूने चढतो, मध्ये माथा येतो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. रोबोटला प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं, बाबा रे, इथे काटकोन असा आहे.

इथे दहावीची भूमिती कामाला येते. शाळेत आम्ही स्लोपला चढ म्हणायचो. चार पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर गेलो, तर चढ एक भागिले चार. वर गेलो त्याला पुढे गेलो त्याने भागायचं, इतकंच. उतार असला की आधी उणे चिन्ह. आणि या रेषेला लंब असलेल्या रेषेचा चढ काढायचा तर अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. एक भागिले चार असेल तर लंबाचा उणे चार. दोघांचा गुणाकार उणे एक. हे मी परीक्षेसाठी इतकं घोकलं होतं की आईसुद्धा पोळ्या लाटताना म्हणायची.

माझा प्रोग्रॅम हेच करत होता. पत्र्यावरचे शेजारचे दोन पॉइंट घ्यायचे, चढ काढायचा, उलटा करायचा, चिन्ह बदलायचं, त्यावरून कोन काढायचा आणि नोझलला द्यायचा. खरा पत्रा आमच्याकडे नव्हता. नवीन मॉडेलची गाडी, सगळं गुप्त. साहेब स्वतः पॅनेल बबलरॅपमध्ये गुंडाळून घेऊन येणार होते, पॉइंट्सची फाइलही सोबत आणणार होते. मग आमची चाचणी कशावर? ट्रॉलीच्या कंपनीत काय मिळणार. गणेशने ट्रॉली चढवायचा एक रॅम्प आणून टेबलावर ठेवला. तिरका, गुळगुळीत, मजबूत. त्यावर आम्ही पंधरवडाभर बीड मारल्या. एकही चुकली नाही. गणेश तर म्हणायला लागला होता की रोबोटला आता झोपेतसुद्धा जमतंय.

सकाळी खरं पॅनेल आलं. रोबोटला हळदकुंकू लावलेलं होतंच, अण्णांनी नारळ फोडला आणि आम्ही सुरुवात केली. पहिल्याच फेरीत रोबोट अर्ध्या वाटेवर, बरोबर माथ्यावर थांबला. स्क्रीनवर अलार्म, शून्याने भागता येत नाही. हे मला लगेच कळलं. माथ्यावर पत्रा क्षणभर सपाट होतो. दहा मिलिमीटर पुढे, शून्य वर. चढ शून्य. तो उलटा करायचा म्हणजे एकाला शून्याने भागायचं, आणि ते कोणालाच जमत नाही. सपाट जमिनीला लंब म्हणजे सरळ उभी रेषा. तिच्या चढाला आकडाच नसतो.

यावर आमच्या धंद्यात एक ठरलेला जुगाड आहे. शून्य आलं की त्याच्या जागी अगदी बारीकसा आकडा ठेवायचा, नसल्यासारखा. शून्य दशांश शून्य शून्य शून्य एक. मीही तेच केलं आणि पुन्हा स्टार्ट दिला.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे.

साहेबांचं हेल्मेट गणेश थिनरच्या फडक्याने पुसत होता आणि त्याच वेळी त्यांना अर्थिंगबद्दल काहीतरी समजावत होता. साहेबांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळून सांगितलं की आपण दुपारनंतर निघणार. तोपर्यंत एक अखंड बीड दाखवा, नाहीतर रिपोर्टमध्ये फेल लिहीन. ते रागावले नव्हते. चहात साखर कमी आहे हे सांगावं तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं.

अण्णा पुढे झाले. "साहेब, यात्रेचा पाव्हणा उपाशी जात न्हाई. घाटात चला, जेवा, दोन गाडं बघा. तवर मॅडम करत्यात."

साहेबांनी जेवणाचा डबा आणल्याचं सांगितलं. अण्णांनी तो डबा गणेशच्या हातात दिला आणि साहेबांचा दंड धरून त्यांना घेऊन गेले. जाताना माझ्याकडे वळून एकदाच बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला नीट कळलं. मला पुन्हा हसू आलं, आणि मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

मी आणि गणेश उरलो. गणेशने पॅनेल पुसून लख्ख केलं आणि म्हणाला, "मॅडम, हे असं उलटं कामून व्हायलंय? रॅम्पवर तर शहाण्यासारखं चालायलं होतं की."

मी प्रोग्रॅम वाचला. पुन्हा वाचला. गणितात चूक सापडेना. शेवटी वैतागून खिशातला पेन काढला, पॅनेलच्या कडेला काटकोनात उभा धरला आणि हाताने सरकवत नेला. फाइलमधले पॉइंट डावीकडून उजवीकडे मोजलेले होते, पण रोबोट उजव्या टोकापासून निघायचा, म्हणून पेनही तसाच नेला, उजवीकडच्या उतरत्या बाजूने माथ्याकडे. पेन आधी एका बाजूला झुकलेला होता, हळूहळू सरळ झाला, माथ्यावर ताठ उभा राहिला, पलीकडे गेल्यावर थोडा दुसऱ्या बाजूला झुकला. कुठे धक्का नाही, गडबड नाही. मी तो परत मागे आणला. पुन्हा नेला. पेन अगदी निवांत होता.

मग मी तेच आकड्यांत लिहून बघितलं. उतरत्या बाजूला, माथ्याच्या अगदी अलीकडे, चढ उणे शून्य दशांश शून्य शून्य एक. लंबाचा चढ अधिक हजार. माथा ओलांडला, चढ अधिक शून्य दशांश शून्य शून्य एक. लंबाचा चढ उणे हजार. पेन जेमतेम केसभर हललेला, आणि आकडा मात्र हजारावरून थेट उणे हजारावर. रोबोट आकडाच वाचतो. त्याच्या हिशेबाने अधिक हजार म्हणजे जवळपास सरळ वर आणि उणे हजार म्हणजे जवळपास सरळ खाली. त्याला वाटलं, बाईंना नोझल आता पत्र्याच्या पोटाखालून हवंय. तो आज्ञाधारक, निघाला.

म्हणजे गणित बरोबरच होतं. चढ फक्त रेषा कशी कललेली आहे ते सांगतो. त्या रेषेवर वरच्या अंगाला जायचं की खालच्या, हे त्याला विचारायचंच नसतं. रेषेला दोन्ही सारखंच. आमच्या रॅम्पला एकच बाजू होती, आणि नशिबाने आम्ही तो टेबलावर असा ठेवला होता की उत्तर कायम वरच्या दिशेचंच यायचं. तोच रॅम्प गणेशने फिरवून ठेवला असता तर रोबोटने पहिल्याच दिवशी कोलांटी मारली असती आणि आम्ही सगळे सुखी झालो असतो.

मी हे गणेशला सांगितलं. तो असा हसला की त्याला रॅम्पवरच बसावं लागलं. त्याच्यामागे मीही सुटले. बाहेर माइकवर कोणाच्या तरी बैलांचं कौतुक चाललं होतं आणि आत आम्ही दोघं डोळे पुसत होतो. नोकरी अजून टांगलेलीच होती, पण कारण सापडल्याचा आनंद काही वेगळाच असतो. तो आवरत नाही.

दुरुस्ती त्यामानाने सोपी निघाली. भागाकारच करायचा नाही. पुढे किती आणि वर किती, हे दोन आकडे वेगवेगळेच ठेवायचे. लंब हवा की त्यांची अदलाबदल करायची आणि एकाचं चिन्ह बदलायचं. चार पुढे आणि एक वर असेल, तर लंब म्हणजे एक मागे आणि चार वर. उतार असेल, चार पुढे आणि एक खाली, तर लंब एक पुढे आणि चार वर. आणि माथ्यावर? दहा पुढे, शून्य वर. लंब म्हणजे शून्य मागे, दहा वर. सरळ उभा. भागायचंच नाही म्हटल्यावर शून्याची भीती उरत नाही. आणि पॉइंट एकाच दिशेने मोजत गेलो की "वर"चा आकडा कायम वरच राहतो, त्यामुळे पोटाखालून जायचा प्रश्नच येत नाही. शाळेतला तोच नियम, फक्त अपूर्णांक न करता.

चार ओळी खोडल्या, तीन लिहिल्या. जुगाडाची ओळ खोडताना फार बरं वाटलं. मग सीलंट बंद ठेवून ड्राय रन घेतला, म्हणजे नुसतीच कोरडी फेरी. रोबोट उतारावरून निघाला, माथ्यावर आला, पेनासारखाच ताठ उभा राहिला आणि निवांत पलीकडे उतरला. गणेशने मला टाळी दिली. आम्ही आणखी एक फेरी घेतली. तिची काही गरज नव्हती, केवळ बघायला गंमत वाटत होती म्हणून.

अण्णा आणि साहेब परत आले तेव्हा मी साहेबांना ओळखलंच नाही. कपाळाला गुलाल, शर्टावर गुलाल, डोक्याला भगवा फेटा. घाटात पाहुण्याला फेटा बांधल्याशिवाय सोडत नाहीत. चेहरा मात्र तोच, क्वालिटी मॅनेजरचा. त्यांनी हेल्मेट मागितलं. हेल्मेट फेट्यावर बसेना. जाळीजवळ जमिनीवर मारलेल्या पिवळ्या पट्टीच्या आत हेल्मेटशिवाय उभं राहायचं नाही हा नियम त्यांचाच, आणि नियमावलीच्या बाराव्या पानावर त्यांचीच सही. फेटा काढतो म्हणाले तर अण्णांनी गावाचा मान असल्याचं सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला आणि ते पिवळ्या पट्टीच्या बरोबर एक पाऊल बाहेर जाऊन उभे राहिले. तिथून टाचा उंचावून बघू लागले.

मी स्टार्ट दाबणार, इतक्यात बाहेर माइकवर अण्णांचं नाव पुकारलं गेलं. त्यांची बारी लागली होती.

"अण्णा, तुमचं नाव घेतायत," मी म्हणाले.

"ऐकू येतंया."

"तुम्ही जा. इथलं मी बघते."

"पुतण्या हाय तिथं," अण्णा म्हणाले. "मी हितंच थांबतो. तुमी दाबा बटण."

वर्षभर बैलांसाठी राबणारा माणूस हे बोलत होता. बैलांना रोज पहाटे स्वतःच्या हाताने खुराक घालणारा. पुकारा पुन्हा झाला. मी बटण दाबलं.

नोझल उतारावर टेकलं. बीड पडायला लागली. बाहेर "भिर्रर्र" झालं आणि गर्दीचा गलका उठला. अण्णांनी मान वळवली नाही. नोझल माथ्याजवळ आलं तेव्हा साहेबांसकट आम्ही सगळ्यांनी एकदम मान मागे घेतली. रोबोट माथ्यावर ताठ उभा राहिला. पुढे सरकला. पलीकडे झुकला आणि पॅनेलच्या टोकापर्यंत बीड घेऊन गेला. काळी, एकसारखी, कुठेही न तुटलेली.

पॅनेल बाहेर आणल्यावर साहेबांनी कॅलिपरने ठिकठिकाणी बीडची रुंदी मोजली. मग मला विचारलं, मघाशी काय झालं होतं. मी सगळं सांगितलं, पेनासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आणि उद्या पत्रा अगदी उभा आला तर? शून्य पुढे, दहा वर?"

"लंब दहा मागे, शून्य वर. नोझल आडवं होईल सर. थांबणार नाही आणि उलटणारही नाही."

त्यांनी मनातल्या मनात ते करून बघितलं. ओठ हललेले दिसले. मग फेटा सावरत ते टेबलाशी गेले आणि त्यांनी सही केली. सहीच्या वर एक ओळ मात्र लिहिली, यापुढे चाचणी पूर्ण आकाराच्या डमी पत्र्यावर घ्यावी.

शाई वाळायच्या आत अण्णांचा पुतण्या धापा टाकत आला. बैल कसे पळाले, म्हणून अण्णांनी विचारलं. पुतण्याने जमिनीकडे बघतच सांगितलं. बैल झकास सुटले होते. निम्मा घाट वाऱ्यासारखे चढले. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, बरोबर काटकोनात वळले आणि घाट सोडून उसाच्या रसाच्या गाड्याकडे गेले. कोणाला लागलं नाही. चोथा मात्र त्यांनी मनसोक्त खाल्ला.

अण्णांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. साहेबांकडे बघतो तर तेही फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून हसत होते, तेसुद्धा पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहून.

"मॅडम," अण्णा डोळे पुसत म्हणाले, "रोबोट इकायचा न्हाई. बैलांचंच काय ते बघाया लागंल."

बैलही विकले नाहीत. आता आमच्या विभागात पाच माणसं आहेत आणि डमीसाठी गणेशने माथा असलेला एक पत्रा खास वाकवून घेतलाय. नव्या इंजिनिअरला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते, चाचणी घ्यायची तर माथा ओलांडून घे. एका उतारावर कोणाचाही प्रोग्रॅम चालतो.